गेम कंपन्यांची खरेदी-विक्री आणि कार्यसंस्कृतीचा मेळ

गोदाकाठ (नांदेड)

सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकन गेम कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर झाला. सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि सिल्व्हर लेक व ॲफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक संस्था हे खरेदीदार, आणि या रकमेपैकी सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाऊ, हे तपशील बहुतेकांनी वाचले असतील. आपल्याकडे झालेली जवळजवळ सगळी चर्चा किमतीभोवती फिरली. मला या धाग्यात किमतीविषयी बोलायचे नाही. गेल्या तीस वर्षांत गेमच्या क्षेत्रात जे मोठे व्यवहार झाले, त्यांतले काही फळले आणि काहींमध्ये उत्तम चालणारा स्टुडिओ, म्हणजे गेम घडवणारी संस्था, पाच-सात वर्षांत बंद पडला. या दोहोंतला फरक किमतीने समजत नाही. विकत घेणाऱ्याची काम करण्याची रीत आणि विकल्या जाणाऱ्याची रीत एकमेकांत बसते की नाही, यावर तो अधिक अवलंबून असतो, असे माझे मत आहे. ते मांडतो. पटत नसेल त्यांनी अवश्य खोडावे.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचाच इतिहास घेऊ. या कंपनीने १९९२ मध्ये ओरिजिन, १९९५ मध्ये बुलफ्रॉग आणि १९९८ मध्ये वेस्टवूड हे स्टुडिओ घेतले. बुलफ्रॉग २००१ मध्ये, वेस्टवूड २००३ मध्ये आणि ओरिजिन २००४ मध्ये संपले. वेस्टवूड लास व्हेगासमध्ये वाढलेला स्टुडिओ होता. तो बंद करताना तिथल्या लोकांना लॉस एंजेलिसला येण्याचा पर्याय देण्यात आला आणि अनेकांनी तो नाकारला. जमिनीचा सातबारा नावावर करून घेता येतो, पण वीस-तीस माणसांनी एकत्र बसून वर्षानुवर्षे जमवलेली समज अशी नावावर होत नाही. ती माणसे उठली की ती समजही उठते. पुढे २००८ मध्ये गेम व्यवसायाच्या डाइस नावाच्या परिषदेतील भाषणात कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रिचिटिएलो यांनी या तीनही स्टुडिओंच्या बाबतीत आपली कंपनी चुकली, हे जाहीरपणे मान्य केले आणि यापुढे स्टुडिओंना स्वायत्त नगरराज्यांसारखे वागवायचे, असे धोरण सांगितले. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने इतक्या स्पष्टपणे असे बोलणे दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो.

मात्र धोरण जाहीर झाल्यानंतर काय झाले, तेही पाहावे लागते. बायोवेअर आणि पँडेमिक हे दोन स्टुडिओ कंपनीने एकत्रच घेतले होते. तो व्यवहार २००७ च्या ऑक्टोबरात जाहीर झाला. पँडेमिक २००९ मध्ये बंद झाला. बायोवेअर टिकला, पण त्याचे संस्थापक रे मुझिका आणि ग्रेग झेशुक २०१२ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर फ्रॉस्टबाइट इंजिनाची (इंजिन म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरच्या पायावर गेम बांधतात ते) गोष्ट सुरू होते आणि माझ्या मते या विषयात सर्वांत शिकण्यासारखी तीच आहे. फ्रॉस्टबाइट हे इंजिन याच कंपनीच्या स्टॉकहोममधील डाइस स्टुडिओने (वरच्या परिषदेशी याचा संबंध नाही) बॅटलफील्ड या युद्धाच्या गेमसाठी घडवले होते. बायोवेअरचे काम कथाप्रधान, भूमिकाप्रधान गेमचे. पात्राजवळचे सामान सांभाळणे, खेळ मध्येच जतन करणे अशा गोष्टी त्या प्रकारच्या गेमला पहिल्या दिवसापासून लागतात आणि या इंजिनात त्यांची तयार सोय नव्हती. सगळ्या स्टुडिओंनी एकच इंजिन वापरले तर बाहेरच्या इंजिनाचे शुल्क वाचते आणि तज्ज्ञ एकमेकांना उपयोगी पडतात, हा हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. परंतु २०१७ मधला मास इफेक्ट अँड्रोमेडा आणि २०१९ मधला अँथम या दोन्ही गेमच्या घडणीत या इंजिनाशी झगडण्यात किती वेळ गेला, ते नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांतून समोर आले.

आता याच कंपनीचे दुसरे उदाहरण पाहा. २०१७ च्या अखेरीस तिने रेस्पॉन हा स्टुडिओ घेतला. रेस्पॉनने सोर्स इंजिनात बदल करून त्यावर टायटनफॉल घडवला होता. त्याच पायावर फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲपेक्स लेजेंड्स आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला स्टार वॉर्सचा जेडाय फॉलन ऑर्डर अनरियल इंजिनावर होता. म्हणजे त्यांच्यावर फ्रॉस्टबाइटची सक्ती झाली नाही. मालक तोच, काळ जवळजवळ तोच. फरक इतकाच की रेस्पॉनचे पहिले गेम याच कंपनीने प्रकाशित केले होते, त्यामुळे ही माणसे कशी काम करतात आणि कुठे हट्ट धरतात, हे घेणाऱ्याला खरेदीपूर्वीच ठाऊक होते.

आपल्या भागातील कितीतरी मुले-मुली आज पुण्यात आणि बंगळुरात याच क्षेत्रात नोकरी करतात. त्यांच्यापैकी कोणी येथे असल्यास त्यांनी आतून दिसलेले सांगावे, ही विनंती.

लातूरकर (लातूर)

गोदाकाठ, आपण मांडणी मुद्देसूद केली आहे, तरीही माझा मूळ निष्कर्षालाच आक्षेप आहे. संस्कृती हा शब्द मोठा सोयीचा आहे. व्यवहार फसला की संस्कृती जुळली नाही असे म्हणता येते आणि जमला की जुळली असे म्हणता येते. मी हिशेबतपासणीच्या व्यवसायात आहे आणि मला या सगळ्यामागे भांडवलाचा भाव दिसतो.

एम्ब्रेसर या स्वीडिश समूहाचे उदाहरण घ्या. व्याजदर तळाला असताना त्यांनी खरेदीचा सपाटा लावला. २०२१ मध्ये गिअरबॉक्स १.३ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणाऱ्या किमतीला आणि २०२२ मध्ये जपानच्या स्क्वेअर एनिक्सचे पाश्चात्त्य स्टुडिओ ३० कोटी डॉलरला घेतले. समूहातील स्टुडिओंची संख्या शंभराच्या पुढे गेली. मे २०२३ मध्ये अपेक्षित असलेला सुमारे २ अब्ज डॉलरचा एक भागीदारी करार फिसकटला आणि शेअरचा भाव एका दिवसात जवळजवळ ४० टक्क्यांनी कोसळला. पुढच्याच महिन्यात फेररचना जाहीर झाली. १९९३ पासून चालत आलेला व्होलिशन हा स्टुडिओ ऑगस्टअखेर बंद झाला आणि मार्च २०२४ मध्ये गिअरबॉक्स टेक-टू या गेम कंपनीला ४६ कोटी डॉलरला विकल्याचे जाहीर झाले. यात संस्कृतीचा संबंध कुठे आला? पैसे संपले, म्हणून माणसे गेली. आपल्याकडे कारखाना बंद पडला तरी हेच होते.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवर येऊ घातलेल्या २० अब्ज डॉलरच्या कर्जाकडेही मी याच नजरेने पाहतो. व्याज प्रत्येक तिमाहीला भरावे लागते आणि गेम पाच-पाच वर्षे लांबतो. त्या ताणात कोणाची कार्यसंस्कृती टिकेल?

गोदाकाठ (नांदेड)

लातूरकर, आपला शेवटचा प्रश्न माझ्या बाजूचाच आहे असे मी मानतो, कारण कर्जाची मुदत आणि गेम घडण्याची मुदत यांचा मेळ न बसणे हा कार्यपद्धतीचाच प्रश्न आहे. पैशाला धीर किती आहे, हा घेणाऱ्याच्या स्वभावाचा मोठा भाग असतो.

एम्ब्रेसरविषयी एवढेच म्हणेन की पैसा आटल्यावर कोणता स्टुडिओ ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला त्या स्टुडिओंची ओळख लागते. दोन-तीन वर्षांत इतके स्टुडिओ घेतल्यावर त्यांतल्या प्रत्येकाची ताकद कशात आहे, हे जाणून घ्यायला वरच्या माणसांना वेळ मिळणे शक्य नव्हते. स्टुडिओंना पूर्ण मोकळीक देतो, असे त्या समूहाचे म्हणणे होते. सुकाळात हे ऐकायला बरे वाटते. दुष्काळात मात्र जो मालक आपल्याला ओळखत नाही, त्याच्या वहीत आपण केवळ एक आकडा असतो.

तेरणाकाठची (धाराशिव, सध्या पुणे)

मी काही वर्षांपासून पुण्यात गेमच्या चाचणी विभागात काम करते. मी ज्या कंपनीत होते तिचे नाव येथे घेत नाही. मी तेथे असतानाच ती परदेशी समूहाने विकत घेतली. त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी असावी.

बाहेरच्या माणसाला कार्यसंस्कृती म्हटले की कार्यालयातील मोकळे वातावरण, कपड्यांचे नियम, शुक्रवारचे खेळ असे काही डोळ्यांसमोर येते. आम्हाला त्याचा अर्थ फार ठोस गोष्टींत जाणवतो. पहिली गोष्ट अशी की 'हे आज बाहेर जाऊ द्यायचे नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे. खरेदीपूर्वी आमच्याकडे चाचणी विभागातील ज्येष्ठ व्यक्तीने गंभीर दोष दाखवला, तर बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची तयार आवृत्ती, थांबत असे. संध्याकाळी चार डोकी एका टेबलाभोवती जमत आणि तासाभरात निर्णय होत असे. खरेदीनंतर तोच दोष आधी नमुना अर्जात भरावा लागे, मग तो दुसऱ्या देशातल्या निर्मात्याकडे जाई, त्याची सकाळ म्हणजे आमची रात्र, आणि उत्तर येईपर्यंत बिल्ड पुढे गेलेले असे. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. नव्या मालकाकडे अनेक देशांत स्टुडिओ होते आणि सर्वांना एकच पद्धत लावल्याशिवाय त्यांना देखरेख करता आली नसती. पण आमच्यातल्या ज्येष्ठांना आपला शब्द चालत नाही हे कळले आणि वर्षभरात ते एकामागून एक निघून गेले. त्यांच्या जागी नवी माणसे आली, ती हुशारही होती. फक्त कोणता दोष खेळाडूला खरोखर छळतो आणि कोणता फक्त यादीत वाईट दिसतो, हा फरक ओळखायला वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट नकाराची. आपल्या भागातून आलेल्या आम्हा मुलांना वरिष्ठांसमोर स्पष्ट 'नाही' म्हणायची सवय नसते. 'बघतो सर', 'प्रयत्न करतो' असे आम्ही म्हणतो आणि जुन्या साहेबांना त्यातला नकार बरोबर कळत असे. नव्या व्यवस्थापनाने त्या 'बघतो'ला होकार समजून तारखा ठरवल्या. तारखा चुकल्यावर आम्ही शब्द पाळत नाही, असा त्यांचा समज झाला आणि ते आमचे ऐकूनच घेत नाहीत, असा आमचा. दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक असूनही असा गैरसमज वर्षभर चालू शकतो, हे मी जवळून पाहिले आहे. तो दूर करण्यासाठी दोन्हीकडची रीत जाणणारा एखादा माणूस मध्ये असावा लागतो. आमच्याकडे तसा कोणी नेमलाच गेला नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. भारतातील बऱ्याच स्टुडिओंची घडण दुसऱ्यांच्या गेमचे सुटे भाग करून देण्याच्या कामातून झाली. बंगळुरातील ध्रुव इंटरॅक्टिव्ह हा १९९७ मध्ये स्थापन झालेला स्टुडिओ या क्षेत्रातील आपल्याकडचा आद्य मानला जातो. त्यातला मोठा हिस्सा स्वीडनच्या स्टारब्रीझने घेतला, पुढे स्टारब्रीझ स्वतःच आर्थिक अडचणीत आली आणि २०१९ मध्ये ध्रुव रॉकस्टार या गेम कंपनीकडे जाऊन त्यांच्या बंगळुरातील स्टुडिओत मिसळला. दोन-तीन वर्षांत दोन मालक. अशा वेळी ज्याच्या हातात उत्तम चित्रकाम आहे, त्याचे काम चालू राहते. पण स्वतःचा गेम घडवण्याचे जे स्वप्न स्टुडिओ उराशी बाळगून असतो, ते प्रत्येक हस्तांतरणात पुढे ढकलले जाते.

जालना रोड (छत्रपती संभाजीनगर)

तेरणाकाठची ताई, आपण लिहिले आहे ते अहवालांतून कधीच मिळाले नसते. मनापासून आभार.

मला गोदाकाठ यांच्या मांडणीत एक भर घालायची आहे. रेस्पॉनच्या उदाहरणावरून 'हात लावू नका, सगळे ठीक होईल' असा अर्थ कोणी काढू नये. हात न लावण्याचेही दोन प्रकार असतात. फिनलंडच्या सुपरसेलचे ८४ टक्के भागभांडवल चीनच्या टेन्सेंटच्या नेतृत्वाखालील गटाने २०१६ मध्ये ८.६ अब्ज डॉलरला घेतले. या स्टुडिओत छोटे छोटे गट स्वतःच्या गेमचे सर्व निर्णय स्वतः घेतात, आणि मनासारखा न झालेला गेम बंद करण्याचा निर्णयही तोच गट घेतो. खरेदीनंतरही ही रीत चालू राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रॉल स्टार्स आला, आणि मे २०२४ मध्ये जगभर प्रसिद्ध केलेला स्क्वाड बस्टर्स अपेक्षेइतका चालत नाही असे दिसल्यावर तो आवरता घेण्याचेही त्यांनी ठरवले. टेन्सेंटने येथे हात लावला नाही, कारण त्यांना नेमके काय विकत घेतले आहे हे माहीत होते. ती निर्णयपद्धती हाच त्यांचा माल होता.

याच्या उलट आर्केन ऑस्टिन या बेथेस्डाच्या स्टुडिओचे झाले. मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्स, म्हणजे बेथेस्डा या गेम प्रकाशकाची मालक कंपनी, ७.५ अब्ज डॉलरला घेण्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केले. आर्केन ऑस्टिनने त्यापूर्वी प्रे हा एकट्याने खेळायचा, विचारपूर्वक बांधलेला गेम घडवला होता. जुन्या मालकांच्या काळातच त्यांना रेडफॉल हा अनेकांनी मिळून खेळायचा गेम करायला लावले गेले. तिथल्या लोकांना हा प्रकार जवळचा नव्हता. प्रेवर काम केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक रेडफॉल पूर्ण होईपर्यंत निघून गेले होते, असे ब्लूमबर्गने प्रसिद्ध केले. नवा मालक हे थांबवील, अशी आत काहींना आशा होती. नव्या मालकाने मोकळीक द्यायची म्हणून लक्षच घातले नाही. गेम मे २०२३ मध्ये आला, पडला, आणि आपण त्या संघात पुरेसे लवकर सहभागी झालो नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी मुलाखतीत मान्य केले. मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद झाला. येथे मोकळीक म्हणजे दुर्लक्ष ठरले.

परभणीचा वाचक (परभणी)

मी गेम खेळत नाही, पण माझी उभी हयात बँकेत गेली म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचत आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १९५९ पासून स्टेट बँकेची उपबँक होती. एकाच कुटुंबात अठ्ठावन्न वर्षे राहून १ एप्रिल २०१७ रोजी ती मुख्य बँकेत विलीन झाली, तरीही दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या रीती अंगवळणी पडायला वेळ लागला, आणि आमच्या भागातील जुने खातेदार पुढेही तिला हैदराबाद बँकच म्हणत राहिले. एका देशातील, एका नियंत्रकाखालील, एकच व्यवसाय करणाऱ्या दोन संस्थांचे असे होत असेल, तर स्टॉकहोम आणि कॅलिफोर्निया यांच्यात एका आर्थिक वर्षात मेळ बसावा, ही अपेक्षा कोण आणि कशाच्या आधारावर धरतो, हे मला समजून घ्यायला आवडेल.

लातूरकर (लातूर)

काका, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या व्यवसायातून देतो. खरेदीपूर्वी जी तपासणी होते, तिच्यात ताळेबंद, करार, बौद्धिक संपदेची मालकी आणि चालू खटले हे सर्व बारकाईने पाहिले जाते. माणसांविषयी जे पाहतात ते बहुधा वेतन, करारातील अटी आणि महत्त्वाच्या व्यक्ती सोडून जाऊ नयेत म्हणून ठेवायची रक्कम यांपुरते असते. सोनीने २०२२ मध्ये बंजी ही गेम कंपनी ३.६ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा त्यातले सुमारे १.२ अब्ज डॉलर माणसे टिकवण्यासाठी राखले होते. म्हणजे एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. इतके करूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिली नोकरकपात झाली आणि जुलै २०२४ मध्ये आणखी २२० जणांना काढण्यात आले. माणसे जाऊ नयेत म्हणून पैसे ठेवायचे आणि मग आपणच माणसे काढायची, हा विरोधाभास मला पूर्वी एवढा स्पष्ट दिसला नव्हता. त्यामुळे 'सगळे पैशाचेच आहे' हे माझे आधीचे म्हणणे मी थोडे सौम्य करतो.

मात्र दुसरा आक्षेप अधिक जोराने मांडतो. विकल्या जाणाऱ्या कंपनीची संस्कृती जपण्यासारखीच असते, असे या धाग्यात गृहीत धरले जात आहे. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीवर जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने लैंगिक छळ आणि भेदभावाच्या आरोपांवरून दावा दाखल केला होता आणि कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निदर्शने केली होती. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये तिच्यासाठी ६८.७ अब्ज डॉलरची बोली जाहीर केली आणि बऱ्याच कायदेशीर अडथळ्यांनंतर १३ ऑक्टोबर २०२३ रोजी व्यवहार पुरा झाला. दरम्यान जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील दळणवळण कामगारांच्या संघटनेशी तटस्थतेचा करार केला. कर्मचाऱ्यांनी संघटना बांधायचे ठरवले तर कंपनी आडवी येणार नाही, असा त्याचा आशय होता. झेनिमॅक्समधील चाचणी कर्मचाऱ्यांची संघटना जानेवारी २०२३ मध्ये मान्यही झाली. कधी कधी नव्या मालकाने जुनी रीत मोडणे हेच कर्मचाऱ्यांच्या हिताचे असते, हे आपण मान्य करायला हवे.

तेरणाकाठची (धाराशिव, सध्या पुणे)

लातूरकरांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि चाचणी विभागातील व्यक्ती म्हणून विशेष जवळचा आहे. अमेरिकेतील मोठ्या गेम कंपन्यांत संघटना बांधण्याची सुरुवात चाचणी करणाऱ्यांपासून झाली याचे कारण आम्ही सर्वांत कमी पगाराचे आणि बहुधा कंत्राटी असतो.

तरीही एक गोष्ट जोडावीशी वाटते. व्यवहार पुरा झाल्यावर तीन महिन्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील १,९०० जणांना काढले आणि ब्लिझार्डमध्ये कित्येक वर्षे घडत असलेला एक गेमही रद्द केला. नव्या मालकाने संघटनेला मान्यता दिली हे खरे, आणि त्याच मालकाने हेही केले. घेणारा एका अंगाने चांगला आणि दुसऱ्या अंगाने कठोर असू शकतो, म्हणून 'या कंपनीची संस्कृती चांगली' असे सरसकट विधान करण्यापेक्षा कोणत्या बाबतीत, हे प्रत्येक वेळी विचारलेले बरे.

बीडवासी (बीड)

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुण्यात गेम क्षेत्रात नोकरी शोधत आहे. नुकत्याच विकल्या गेलेल्या किंवा विकल्या जाण्याची शक्यता असलेल्या स्टुडिओत जावे की टाळावे? घरच्यांना या क्षेत्राची काहीच कल्पना नाही, त्यामुळे विचारायला येथल्या मंडळींशिवाय दुसरे कोणी नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आपल्या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर ताईच नीट देतील. मी पुण्याशी संबंधित एका चालू उदाहरणाकडे लक्ष वेधतो.

रिअल क्रिकेट हा गेम आपल्याकडे गावोगावच्या मुलांच्या मोबाइलमध्ये असतो. तो घडवणारी नॉटिलस मोबाइल ही पुण्याची कंपनी. २०२५ मध्ये तिच्यातील नियंत्रक हिस्सा दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने घेतला. बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम चालवणारी हीच क्राफ्टन. स्टुडिओ विकत घेऊन सांभाळण्याच्या बाबतीत तिची आजवरची वागणूक दोन टोकांची दिसते. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या, जपानमधील टँगो गेमवर्क्सने जानेवारी २०२३ मध्ये हाय-फाय रश हा सर्वांनी वाखाणलेला गेम दिला, मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनीही त्याला यश म्हटले, आणि तरीही मे २०२४ मध्ये आर्केन ऑस्टिनबरोबर तोही स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर झाले. तेव्हा क्राफ्टनने ऑगस्ट २०२४ मध्ये पुढे येऊन त्या गेमचे हक्क घेतले आणि तिथल्या लोकांना एकत्र ठेवले. हे काम मला फार मोलाचे वाटते. दुसरीकडे, सबनॉटिका घडवणारा अननोन वर्ल्ड्स हा स्टुडिओ तिने २०२१ मध्ये ५० कोटी डॉलरला घेतला होता आणि ठरलेली उद्दिष्टे गाठल्यास आणखी २५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचे कबूल केले होते. जुलै २०२५ मध्ये तिने त्याच्या संस्थापकांना पदावरून दूर केले, नव्या गेमची तारीख लांबली आणि वाद अमेरिकेतील न्यायालयात गेला.

पुढे मिळणाऱ्या रकमेचे असे करार करणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने हा प्रसंग अभ्यासावा. उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारी संस्थापकांची आणि गेम कधी बाहेर काढायचा हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा, अशी विभागणी झाली की दोघांचे हित एकमेकांविरुद्ध उभे राहते. मग आधीची मैत्री कितीही असो. येथे दोन्हीकडचे लोक कसे आहेत यापेक्षा करारच त्यांना कसे वागायला लावतो, हे पाहावे लागते. लातूरकर, हा मुद्दा आपल्या पारड्यात टाकतो.

नॉटिलसच्या बाबतीत क्रिकेटची जाण पुण्यात आहे आणि जागतिक गेम चालवण्याचा अनुभव सोलमध्ये. खेळाडूंच्या मोबाइलची ताकद किती, नेट किती चालते, किती रुपयांची खरेदी त्याला परवडते, हे निर्णय पुण्यात राहिले तर हा व्यवहार चांगला होण्याची मला बरीच आशा आहे.

जालना रोड (छत्रपती संभाजीनगर)

थोडक्यात एक जोड. आधीची ओळख हा निकष निन्टेन्डोइतका कोणी पाळलेला नाही. ती कंपनी स्टुडिओ फार क्वचित घेते. कॅनडाच्या नेक्स्ट लेव्हल गेम्सशी अनेक वर्षे काम केल्यावर, त्या स्टुडिओचे काही मालक आपला हिस्सा विकायला निघाले, तेव्हा कुठे तिने २०२१ मध्ये तो घेतला. सोनीनेही इन्सोम्नियॅकशी वीस वर्षे काम केल्यावर २०१९ मध्ये २२.९ कोटी डॉलरला तो स्टुडिओ घेतला, आणि तो व्यवहार बंजीच्या तुलनेत किती शांतपणे पार पडला ते आपण पाहतोच आहोत.

तेरणाकाठची (धाराशिव, सध्या पुणे)

बीडवासी, विकलेल्या स्टुडिओत जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. खरेदीनंतर काही ठिकाणी पगार सुधारतात, विमा मिळतो आणि मोठ्या गेमवर काम करायची संधी येते. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का' असे विचारतील, तेव्हा गप्प बसू नका. गेम कधी प्रसिद्ध करायचा हे इथे ठरते की बाहेर, ते विचारा. खरेदीच्या वेळी असलेल्या गटप्रमुखांपैकी किती जण आज आहेत, ते विचारा. आपण ज्या गेमवर काम करणार तो या स्टुडिओचा स्वतःचा आहे की दुसऱ्याच्या गेमचा भाग, तो रद्द झाला तर गटाचे काय होते, आणि पूर्वी असे झाले तेव्हा काय झाले होते, हेही विचारा. नम्रपणे विचारलेल्या अशा प्रश्नांचा चांगल्या स्टुडिओत कोणी राग मानत नाही, आणि जिथे मानतात तिथले उत्तर आपल्याला तेव्हाच मिळालेले असते.

रुजू होण्याच्या पत्रात आपला करार भारतातील स्टुडिओशी आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या मध्यस्थाशी, ते मात्र स्वाक्षरीपूर्वी नीट वाचून घ्या, कारण कपातीच्या वेळी मध्यस्थामार्फत आलेली माणसे कंपनीने जाहीर केलेल्या आकड्यात सहसा मोजलीही जात नाहीत. पत्र हाती आले आणि काही समजले नाही, तर मला येथेच निरोप पाठवा, मी वाचून सांगेन.